चार मिलिमीटरची करामत

दुकानाच्या काउंटरवर एकाच स्मार्टवॉचची दोन खोकी शेजारी शेजारी ठेवलेली असतात. एकावर ४० मिलिमीटर लिहिलेलं, दुसऱ्यावर ४४. फरक चार मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून पाहिलं तर प्रत्येक बाजूला फक्त दोन. एवढ्यासाठी काय डोकं शिणवायचं, असं आपल्याला वाटतं. विक्रेताही तेच म्हणतो, "ताई, मोठंच घ्या, आता हेच चालतं." पण तुमचं मनगट बारीक असेल, तर जरा थांबा. घड्याळाला तुमचे ठोके नीट मोजता येतील की नाही, ते चार्जिंगला किती वेळा लावावं लागेल, रात्री ते हातात ठेवून झोप लागेल का, हे सगळं या चार मिलिमीटरवर ठरतं. इतक्याशा जागेत एवढं सगळं मावतं तरी कसं?

सुरुवात मनगटापासूनच करू. डावं मनगट उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरा. डावा तळवा जमिनीकडे करा आणि मग हळूहळू छताकडे वळवा. जाणवलं? पकडीतला आकारच बदलला! करंगळीच्या बाजूला वर आलेलं ते गोलसर हाड जवळजवळ गायब झालं. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याकडे दोन हाडं असतात, एक अंगठ्याच्या बाजूचं, एक करंगळीच्या बाजूचं. तळवा पालथा करताना अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून तिरकं आडवं होतं, उताणा केला की दोन्ही पुन्हा समांतर. कुलूप उघडताना, पोळी उलटताना, स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळताना दिवसभर ही अदलाबदल चालू असते. त्यात भर हवामानाची. नागपूरच्या मे महिन्यातलं मनगट आणि महाबळेश्वरच्या जानेवारीतलं मनगट एकाच माणसाचं असलं, तरी घेर सारखा नसतो, कारण उन्हाने आणि श्रमाने हात सुजतात, थंडीत आक्रसतात. आणि अशा सतत आकार बदलणाऱ्या जागेवर आपण एक अतिशय नाजूक मोजमापाचं यंत्र बांधतो!

आता एक छान गंमत. दोऱ्याने मोजलेला तुमच्या मनगटाचा घेर समजा साडेचौदा सेंटिमीटर आला. घड्याळांच्या दुनियेत हे बारीक मनगट. ते बांबूसारखं बरोबर गोल असतं, तर त्याची रुंदी फक्त ४६ मिलिमीटर भरली असती. पण मनगट गोल नाही, चपटं आहे. लंबगोल धरून हिशेब केला, तर तोच घेर साधारण पाच-साडेपाच सेंटिमीटर रुंदी देतो. निसर्गाने तेवढ्याच घेरात जास्तीचे चार ते नऊ मिलिमीटर काढून दिले. घड्याळाला बसायला जागा मिळते ती या चपटेपणामुळे.

ही रुंदी पडताळून पाहायला फूटपट्टी नको, खिशातलं एटीएम कार्ड पुरे. कुठल्याही बँकेचं असो, त्याची छोटी बाजू ५४ मिलिमीटरच असते, जगभर. ती बाजू मनगटावर आडवी धरा. कार्ड दोन्हीकडून बाहेर डोकावलं, तर तुमची रुंदी ५४ पेक्षा कमी. आता लक्षात घ्या, या ५४ मध्येही खरा सपाट भाग मधलाच, दोन्ही कडांना उतार लागतो. घड्याळ या सपाट भागावर मावलं, तर पट्टा दोन्ही बाजूंनी सरळ खाली उतरतो आणि मनगटाला बिलगतो. घड्याळाची टोकं उताराच्याही पुढे गेली, तर पट्टा आधी हवेत आडवा जातो, मग वळतो. तिथे फट पडते आणि घड्याळ मधल्या हाडांवर झुलायला लागतं.

बारीक मनगटाच्या बायकांना वाटतं, आपलं माप तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. बांगडीचं माप! दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. ही मापं मोठी नामी आहेत. दोन-चार म्हणजे दशांशातले २.४ इंच नव्हेत. दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच आतला व्यास. तसंच दोन-आठ म्हणजे अडीच. दोन-चारच्या बांगडीचा आतला घेर काढला, तर तो येतो जवळजवळ अठरा सेंटिमीटर. पण ती घालणारीचं मनगट साडेचौदाचंही असू शकतं! मग हे माप कशाचं? ते आहे मिटून आवळलेल्या पंजाचं. कासार अंगठा आत दुमडून, हात दाबून बांगडी चढवतो, तेव्हा तो बोटांच्या मुळाशी असलेल्या सर्वांत रुंद भागाचा अंदाज घेत असतो. मनगटाशी त्याला काही कर्तव्य नसतं. पंजा आणि मनगट यांच्या घेरांत उरलेल्या तीन-साडेतीन सेंटिमीटरमध्येच तर बांगड्या किणकिणतात. स्मार्टवॉचला नेमकी हीच मोकळीक चालत नाही. का, ते पाहायला घड्याळ उलटं करावं लागेल.

उलट बाजूला काचेखाली हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. हिरवेच का? अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोट दाबून धरा. बोट लालभडक दिसेल. टॉर्चचा प्रकाश पांढरा, म्हणजे त्यात सगळे रंग होते. बाहेर आला मात्र लालच. हिरवा कुठे गेला? रक्ताने गिळला. हिरवा प्रकाश गिळतं आणि लाल सोडून देतं, म्हणून तर रक्त लाल दिसतं. घड्याळ याच गोष्टीचा फायदा घेतं. हृदयाचा ठोका पडला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या क्षणभर जराशा भरतात, जास्त हिरवा प्रकाश गिळला जातो आणि कमी परत येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये उलट. घड्याळातला दिवा सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतो आणि शेजारी बसलेला सेन्सर परत आलेला प्रकाश मोजत राहतो. त्या चढउतारातून तुमची नाडी आकड्यात उतरते.

आणि ही नाडी घेतली जाते कुठे, हे पाहिलंत का? वैद्य नाडीपरीक्षा करतात ती मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवून. तिथे एक दणकट धमनी कातडीच्या अगदी जवळून जाते, ठोका बोटाला सहज लागतो. घड्याळ बसतं बरोबर उलट्या बाजूला. तिथे बोट ठेवून पाहा, काहीही लागणार नाही. खाली हाडं, त्यांवरून बोटांकडे जाणाऱ्या शिरा-कंडरा आणि वर पातळ कातडी. अनुभवी बोटांनाही जिथे काही कळत नाही, तिथे हे यंत्र केसासारख्या वाहिन्यांमधलं रक्ताचं भरणं-ओसरणं टिपतं!

करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. त्यामागचं तत्त्व १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी मांडलं. त्यांचं निधन एप्रिल २०२० मध्ये झालं, नेमकं सगळं जग त्यांचं उपकरण शोधत होतं तेव्हा. ऑक्सिमीटरचं काम तुलनेने सोपं असतं, कारण बोटाच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला सेन्सर, आणि प्रकाश आरपार. मनगटातून प्रकाश आरपार जाणार कसा? म्हणून घड्याळाचा दिवा आणि सेन्सर एकाच बाजूला, आणि जो थोडा प्रकाश आतून विखरून माघारी येईल त्यावर सगळी मदार. त्यातही ठोक्यामुळे बदलणारा भाग किती? परतलेल्या प्रकाशाच्या जेमतेम शंभरातला एक-दोन हिस्सा. लग्नाच्या बँडमध्ये उभं राहून शेजाऱ्याच्या मनगटावरची टिकटिक ऐकण्यासारखंच हे काम.

आता या कामात सैल घड्याळ काय गोंधळ घालत असेल, विचार करा. मागची फुगीर काच कातडीवरून अर्धा मिलिमीटर जरी उचलली गेली, तरी बाहेरचा उजेड आत शिरतो, आतला बाहेर सांडतो. ठोक्याचा तो शंभरातला एक हिस्सा त्यात कुठल्या कुठे बुडून जातो. पळताना तर आणखी मजेशीर घोटाळा होतो. पावलागणिक हात झुलतो, मोठं घड्याळ मनगटावर ठेक्यात हलतं, आणि प्रकाशही त्याच ठेक्यात कमी-जास्त होतो. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला दीडशे ते एकशे ऐंशी पडतात, आणि हृदयाचे ठोकेही त्याच आकड्यांच्या आसपास असतात. घड्याळ फसतं आणि ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतं! आकडा दिसतो १६८, तुम्ही घाबरता, आणि हृदय बिचारं १४० वर निवांत चाललेलं असतं. हालचाल ओळखून ती वजा करणारी गणितं घड्याळात असतात, आणि ती खरोखर अफाट आहेत, पण झुलणाऱ्या घड्याळापुढे त्यांचाही नाइलाज होतो. सैल बसलेल्या घड्याळाला कधी कधी तर आपण हातात आहोत हेच कळत नाही. हातातून काढलं गेलं असं समजून ते कुलूपबंद होतं आणि पासकोड मागत बसतं. बारीक मनगटाच्या लोकांना हा अनुभव नवा नाही. त्यांना वाटतं यंत्र बिघडलंय. बहुतेकदा ते फक्त मोठं झालेलं असतं.

मग सगळ्यांनीच छोटं घ्यावं, हा वादच मिटला? इथेच चार मिलिमीटरची दुसरी करामत समोर येते.

सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉच ६ चं उदाहरण घ्या. ४० आणि ४४, दोन आकार, दोन्हींची जाडी सारखीच, ९ मिलिमीटर. कागदावर ४० आणि ४४ मिलिमीटरची वर्तुळं काढून क्षेत्रफळ पाहिलं, तर मोठं वर्तुळ २१ टक्क्यांनी जास्त भरतं. हेच पहिलं आश्चर्य: लांबी एक दशांश वाढली आणि जागा एक पंचमांशाहून जास्त. जाडी तीच आहे, तर बॅटरीही साधारण २१ टक्क्यांनी मोठी असायला हवी, नाही का? प्रत्यक्षात छोट्याची बॅटरी ३०० मिलिअँपिअर-तास, मोठ्याची ४२५. म्हणजे जवळजवळ ४२ टक्के जास्त! हे जादा कुठून आलं?

उत्तर इतकं साधं आहे की कळल्यावर हसू येतं. घड्याळ मोठं झालं म्हणून आतली चिप मोठी होत नाही. हिरवे दिवे, सेन्सर, थरथरणारी मोटर, पाणी आत येऊ नये म्हणून लावलेली रबरी कडी, बाहेरच्या भिंतीची जाडी, हे सगळं दोन्ही घड्याळांत जवळपास तेवढंच. त्यांची जागा आधीच ठरलेली. त्यामुळे वाढलेली जागा बहुतांशी एकट्या बॅटरीच्या पदरात पडते. आणि उलट बाजूने पाहिलं, तर घड्याळ लहान करताना कात्री सगळ्यात आधी बॅटरीला लागते. मोठ्या घड्याळाचा पडदा जास्त वीज खातो, त्यामुळे ४२ टक्के जास्त बॅटरी म्हणजे ४२ टक्के जास्त तास असा थेट हिशेब नाही, पण मोठं जास्त टिकतं हे खरं.

जीपीएसची गोष्ट तर याहून भारी. वीस हजार किलोमीटर वरून फिरणाऱ्या उपग्रहाची लहर घड्याळाने पकडायची. त्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, आणि ती पकडायला सोयीची अँटेना तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास. घड्याळच मुळी चार सेंटिमीटरचं! शिवाय खाली तुमचं मनगट, म्हणजे खारं पाणी भरलेलं शरीर, जे रेडिओलहरी शोषून घेतं. म्हणून अभियंते अँटेना वळवतात, दुमडतात, कधी घड्याळाच्या धातूच्या कड्यालाच अँटेना बनवतात. घड्याळ जितकं छोटं, तितकी ही कसरत अवघड. गार्मिनने २०२१ मध्ये बायकांसाठी आणलेलं लिली फक्त साडेचौतीस मिलिमीटरचं होतं, अतिशय देखणं. त्यात स्वतःचं जीपीएस नव्हतं. ते फोनच्या जीपीएसवर चालायचं, म्हणजे पळायला जाताना फोनही सोबत हवा.

तसं पाहिलं तर बारीक घड्याळ बनवणं माणसाला कधीच जड गेलं नव्हतं. कपाटात आजीची एचएमटी सुजाता असेल तर काढून पाहा, नाण्याएवढी डायल. स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने, ज्येगर-लकुल्त्रने, १९२९ मध्ये चावीच्या घड्याळाचं असं यंत्र बनवलं की त्याची लांबी १४ मिलिमीटर, रुंदी पाचाहून कमी आणि वजन जेमतेम एक ग्रॅम. राणी एलिझाबेथ यांच्या मनगटावर १९५३ च्या राज्याभिषेकाला तेच यंत्र असलेलं घड्याळ होतं. चावीच्या घड्याळाला फक्त काटे ढकलायचे असतात. त्याला पडदा उजळायचा नसतो, फोनशी बोलायचं नसतं, कातडीत प्रकाश सोडायचा नसतो. आपण घड्याळावर कामं लादत गेलो आणि ते फुगत गेलं. ॲपल वॉच २०१५ मध्ये आलं ते ३८ आणि ४२ मध्ये. २०१८ ला ४० आणि ४४, २०२१ ला ४१ आणि ४५, २०२४ ला ४२ आणि ४६. नीट पाहा: २०१५ मध्ये जो आकडा 'मोठं' होता, तोच २०२४ मध्ये 'छोटं' झाला! मनगटं मात्र त्या नऊ वर्षांत होती तेवढीच राहिली. मला हे खटकतं. जाडी कमी झाली, कडा आटोपशीर झाल्या, हे मान्य. पण बारीक मनगटाच्या माणसाला दरवेळी थोडं मोठं घड्याळ 'छोटं' म्हणून विकलं जातं, हेही तितकंच खरं.

आणि हा आकडा नेमका कशाचा, हेही कंपनीगणिक बदलतं. ॲपलचा आकडा चौकोनी घड्याळाच्या उंचीचा, म्हणजे बारापासून सहापर्यंतचा. त्यांच्या ४२ ची रुंदी ३६ च आहे. गोल घड्याळाचा आकडा सहसा व्यासाचा, आणि पट्टा अडकवायची टोकं कधी त्यात धरलेली असतात, कधी नसतात. मनगटाच्या रुंदीवर आडवी पसरते ती बारा ते सहा ही दिशा, त्यामुळे तुमच्या कामाचं माप एकच: पट्टा अडकवायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं. ते खोक्यावर नसेल, तर सरळ पट्टी लावून मोजा.

जाडी लोक विसरतात. नऊ आणि चौदा मिलिमीटर यांत मनगटावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण उंच घड्याळाचं वजन वर राहतं आणि हात हलला की ते कलतं. ॲपलचं अल्ट्रा ४९ मिलिमीटरचं आणि चौदाहून जास्त जाड आहे. बारीक मनगटावर ते दिवसभर बाहीत अडकत राहतं.

फोटोवर विश्वास ठेवू नका, हेही सांगायला हवं. मनगटाचा फोटो आपण वीतभर अंतरावरून काढतो. घड्याळ कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ, हाताच्या कडा मागे, त्यामुळे घड्याळ प्रत्यक्षापेक्षा थोराड दिसतं. उलट विकणाऱ्याच्या जाहिरातीत ते भरदार मनगटावर असतं, तिथे नाजूक वाटतं. दुकानातल्या आरशासमोर दोन पावलं मागे उभे राहा. लोकांना तुमचं घड्याळ तसं दिसतं.

घरबसल्या मागवणार असाल, तर पुठ्ठ्यावर दोन्ही आकार कापा, बारा ते सहा हे खरं माप घेऊन, आणि दोऱ्याने मनगटावर बांधा. बांधायची जागा करंगळीकडच्या त्या उंचवट्याच्या एक बोट वर, कोपराकडे. घड्याळ तिथेच बसायला हवं. आता हात मागे वळवा, जमिनीला टेकून उठताना वळतो तसा. पुठ्ठ्याची कड पंजाच्या पाठीत रुतली, तर मोठं घड्याळ रोज रुतणार. टोकं मनगटाच्या कडेला पोचली, तरी तो आकार तुमचा नाही. दोन्ही आकार आत बसत असतील आणि चार्जिंगचा कंटाळा असेल, तर मोठं घ्यायला माझी ना नाही. टोकं कडेला टेकत असतील, तर बॅटरीच्या मोहात पडू नका, छोटंच घ्या आणि आंघोळीच्या वेळी ते चार्जिंगला लावून टाका.

शेवटी पट्टा, ज्याच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. कडक रबरी पट्टा टोकापाशी आडवा ताठ राहिला, तर चाळीसचं घड्याळही चव्वेचाळीसचं होऊन बसतं. टोकापासून लगेच खाली वळणारा, मऊ किंवा विणलेला, भोकांऐवजी कुठेही चिकटवता येणारा पट्टा बारीक मनगटाला सर्वांत मानवतो, कारण भोकांच्या पट्ट्यात एक भोक सैल आणि पुढचं आवळ असं हमखास होतं. चामड्याच्या पट्ट्याला घड्याळवाला दोन मिनिटांत नवं भोक पाडून देतो, धातूच्या चेनच्या कड्या काढून देतो. रबरी पट्ट्याला मात्र भोक पाडायला जाऊ नका, तो तिथूनच फाटतो. पट्टा कोणत्या मनगटाला पुरतो, ते अनेकदा खोक्यावर मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. ॲपलच्या ४२ ला ही मर्यादा १३० पासून सुरू होते, ४६ ला १४० पासून. पैसे देण्याआधी घड्याळ बांधा, हात खाली सोडून जोरात झटका. ते उंचवट्यावरून घसरून पंजाकडे आलं, तर काउंटरवरच छोटा पट्टा मागून घ्या.